बहीण काळी चारला गाते, मला पांढरी एकच जमते. ट्रान्सपोज लावलं तर चालेल का? आणि डिजिटल पियानोच्या आवाजाला स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्यासारखा आवाज) जोडल्या की सगळं गढूळ का होतं?

ट्रान्सपोज, म्हणजे बोटं तीच ठेवून पियानोचा सूर वर-खाली करायची सोय, बिनधास्त लावा. तुमच्या सरांना ती पळवाट वाटते असं तुम्ही लिहिलंय. पण आपल्याकडे साथीच्या कितीतरी पेट्यांना स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय, असतो, आणि तो सरकवून वाजवणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. साथीत गळा आधी, बोटं नंतर. बहिणीचा सा काळी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर, मोकळा लागतोय ना? मग तिला पांढरी एकला आणू नका. तिथे एक तर तिचे वरचे स्वर ताणले जातील, नाहीतर खालचे बुडतील.

आकड्याचं गणित सोपं आहे. ट्रान्सपोजचा एक आकडा म्हणजे अर्धा स्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून शेजारची पट्टी. पांढरी एकपासून वर मोजलं तर काळी चार आठव्या घरात येते, खाली मोजलं तर चौथ्या. यामाहाच्या बऱ्याच पियानोंवर हा आकडा −६ ते +६ एवढाच जातो, त्यामुळे +८ मिळणारच नाही. −४ लावा. गळ्याच्या दृष्टीनेही तेच बरोबर आहे. पियानोच्या मधोमध असलेली पांढरी एक एरवी २६१.६ हर्ट्झला वाजते, −४ केल्यावर तीच साधारण २०७.७ ला वाजते. काळी चारला गाणाऱ्या बाईचा मध्य सा तिथेच असतो. उद्या कुणी काळी एकला गाणारे काका आले तर +१, पांढरी चारला +५, पांढरी पाचला −५, काळी पाचला −२.

आता गढूळपणा. तुम्ही स्ट्रिंग्जचे सगळे प्रकार लावून पाहिलेत, पण माझ्या मते मूळ तिथे नाही. −४ केल्यावर तुमचा डावा हात दिसायला आधीच्याच जागी असतो, आवाज मात्र चार घरं खाली गेलेला असतो. डाव्या हाताने तुम्ही सा-ग-प एकत्र दाबत असणार. मंद्र सप्तकात सा आणि ग इतके जवळ वाजले की नुसत्या पियानोवरही घुमल्यासारखं होतं. त्यावर स्ट्रिंग्ज आल्या की तेच घुमणं दुप्पट होतं आणि थांबतही नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पट्टी ठरवा, ट्रान्सपोज लावा, आणि त्यानंतरच दुसरा आवाज जोडा. पांढरी एकला छान जुळलेला लेअर, म्हणजे दोन आवाजांची जोडी, काळी चारला जुळेलच असं नाही.

डाव्या हातातून ग काढून टाका. सा-प-सा पुरे. ग उजव्या हातात वर घ्या, तिथे तो स्वच्छ ऐकू येतो. मग स्ट्रिंग्ज एक अख्खं सप्तक वर न्या. दोन आवाज एकत्र करण्याच्या सोयीला यामाहा, रोलँड, कावाई 'ड्युअल' म्हणतात, कॅसिओ 'लेअर' म्हणतं. माहितीपुस्तिकेत त्याच पानांच्या आसपास प्रत्येक आवाजाचा सप्तक आणि दोघांचा बॅलन्स बदलायची पद्धत दिलेली असते. बॅलन्स ठरवताना स्ट्रिंग्ज पूर्ण बंद करा आणि थोड्या थोड्या वाढवत न्या. त्या आहेत हे जेमतेम कळलं की थांबा. घरी एकट्याने वाजवताना जास्त स्ट्रिंग्ज फार गोड वाटतात, पण बहीण गायला लागली की त्या नेमक्या तिच्या आवाजाच्या पट्ट्यात येऊन बसतात आणि शब्द झाकून टाकतात. भावगीतात शब्द झाकले गेले तर मग उरलं काय?

पेडलकडेही बघा. पियानोचा सूर पेडल दाबलेलं असलं तरी हळूहळू विरतो. स्ट्रिंग्जचा सूर बऱ्याच मॉडेलांवर पाय उचलेपर्यंत तसाच भरून राहतो, म्हणजे मागची कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) पुढच्या कॉर्डमध्ये सांडते. नुसत्या पियानोवर दोन कॉर्ड एका पेडलमध्ये खपून जातात, लेअरवर अजिबात नाही. प्रत्येक कॉर्डला पाय बदला. शिवाय पियानो जुन्या किंवा स्वस्तातल्या मॉडेलचा असेल तर सूर मध्येच तुटतात. यामाहा पी-४५ एका वेळी ६४ सूर धरू शकतो, रोलँड एफपी-३०एक्स २५६. लेअरमध्ये एका पट्टीमागे निदान दोन सूर खर्च होतात, आणि लांब पेडलवर ६४ चा साठा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो.

मुखड्यात मी स्ट्रिंग्ज लावतच नाही. त्यांचा आवाज उमटायला क्षणभर लागतो, त्यामुळे जलद हरकतींमागे त्या फरफटत येतात. अंतऱ्याआधीच्या तुकड्यात त्यांना आणा, तिथे लांब सूर असतात आणि गाणारी श्वास घेत असते. तिथला भराव खरंच सुंदर लागतो.

बरोबर पेटी किंवा गिटार असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका की तुमचा हात पांढरी एकवर दिसेल, पण वाजतंय काळी चार. गिटारवाले तुमची बोटं बघून कॉर्ड पकडतात. पेटी जुनी असेल तर ती ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापाला नेमकी नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ट्रान्सपोजचं काही चालत नाही, पूर्ण अर्ध्या स्वराने उडी पडते. त्यासाठी वेगळं ट्यूनिंग असतं, ते हर्ट्झच्या अगदी बारीक पायऱ्यांनी हलतं. पेटीचा एक सूर धरायला सांगा, तोच पियानोवर वाजवा, दोघांमधली लाट, म्हणजे सूर किंचित वेगळे असले की ऐकू येणारी थरथर, थांबेपर्यंत ट्यूनिंग सरकवा. पेटीचा सूर इतका बारीक हलवता येत नाही, पियानोचा येतो, तेव्हा हे काम तुमचंच.

कित्येक पियानो बंद करून सुरू केले की ट्रान्सपोज शून्यावर येतं. गाणं सुरू करण्याआधी बहिणीला एकदा सा देऊन बघा.

सरांच्या म्हणण्यातलं एक मात्र मनावर घ्या. बहीण कायम काळी चारलाच गाणार असेल तर रियाजाला ट्रान्सपोज शून्यावर ठेवून काळी चारचा सा रे ग म हातात बसवा. गाणं ट्रान्सपोजवर, रियाज खऱ्या पट्टीत, हे दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.