आघात सोसलेल्या माणसांना आपण आयुष्यात मागे पडलो असं का वाटतं? हे अंतर भरून कसं काढायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. दुसरा प्रश्नच मला मान्य नाही.

मी लातूरकडच्या किल्लारी पट्ट्यातली, भूकंप झाला तिथली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. आमच्याकडे घरांना दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. माणसं मेली ती त्याच्याखाली. आमच्या घरातून आई आणि धाकटा भाऊ गेले. मी नववीत होते.

त्यानंतर पत्र्याचं शेड. ५२ गावं नव्या जागी वसायला वेळ लागला. वडिलांचं बोलणंच बंद झालं होतं, चूल माझ्याकडे आली. दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. मग मामांनी लातूरला अकरावीत घातलं, फी त्यांनीच भरली. ‘लातूर पॅटर्न’चा तो बहराचा काळ, जो तो गुणवत्ता यादीचीच भाषा बोलायचा. वसतिगृहात खोली मिळाली दुसऱ्या मजल्यावर. वर कुणी कॉट सरकवली तरी मी जिन्याकडे पळायचे. सगळ्या झोपल्या की चादर घेऊन अंगणात जायचे. पहाटे चारच्या आत डोळे उघडायचेच. फळ्यावरचं दिसायचं, पण डोक्यात काही उतरायचं नाही. दिवाळीला गावी आले ती परत गेलेच नाही.

मामा म्हणाले, “किती दिवस तेच धरून बसतीस गं? तुझ्या एकटीवर आला व्हता का भूकंप?” पुढे त्यात भर पडत गेली. भूकंपग्रस्ताचा दाखला असून सरकारी नोकरीचे फॉर्म भरले नाहीत, चांगली स्थळं परत पाठवली. मामेबहीण डॉक्टर झाली तेव्हा तर बोलायलाच नको. मामांचं गाव उदगीरकडे. तिथे हादरा जाणवला, पण त्यांचं घर उभं राहिलं.

आता तुमच्या ‘का’चं उत्तर. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं, एक लक्षण दिलं होतं: नोकरी, लग्न, मुलं, इतरांएवढं आयुष्य आपल्या वाट्याला येईल अशी अपेक्षाच न उरणं. हे मला समजलं चाळिशीत, लातूरच्या एका डॉक्टरांकडून. मैत्रीण भिशीत घ्यायला यायची तेव्हा मला वाटायचं, वर्षभराचं कोण बघतंय? पुढचं वर्ष येणार यावर ज्याचा विश्वास नाही, तो फॉर्म कशासाठी भरेल? याला आळस म्हणतात, जिद्द नाही म्हणतात. साफ खोटं आहे. त्या काळात शरीर रात्रभर पहारा देत असतं, त्यातून अभ्यासाला काही उरत नाही. वर्षांनी जरा सैलावलं की माणूस आजूबाजूला बघतो आणि बरोबरीचे सगळे घरदार करून बसलेले असतात. मागे पडल्यासारखं वाटतं ते तेव्हा. म्हणजे बरं वाटायला लागल्यावरच हे जास्त टोचतं, हे लक्षात ठेवा.

अंतर भरून काढायच्या नादाला लागू नका. तिशीत विशीतलं आणि तिशीतलं असं दोन्ही एकदम करायला गेलेली माणसं मी पुन्हा आजारी पडलेली पाहिली आहेत. मी बी. कॉम. मुक्त विद्यापीठातून केलं, पस्तिशी उलटल्यावर. आज पतसंस्थेत हिशेब बघते. ते अंतर भरायला केलं नाही, आकडे आवडतात म्हणून केलं. आणि जे नातेवाईक भेटले की वयाचा हिशेब मांडतात, त्यांच्याकडे जाणं कमी करा. वाईट दिसलं तर दिसू द्या.

हे सगळ्यांना लागू होईल असं नाही. तुमचा आघात घरातल्याच माणसाने दिलेला असेल, तर तो गुंता वेगळा, त्यावर मी बोलू नये. झोप नसेल, दारू वाढली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. उपचार उशिरा घेतले तरी उपयोग होतो. मला झाला.

गेल्या लग्नसराईत मामा पुन्हा म्हणालेच, “तेव्हा टिकली असतीस तर आज क्लास वन असतीस.” त्यांच्या फीचे पैसे वाया गेले हे खरं, आणि त्यांनी ते मायेनेच भरले होते. पण त्याच वर्षांत शेडमध्ये मी वडिलांना दोन वेळा जेवायला बसवत होते, विहिरीकडे एकटं जाऊ देत नव्हते. ते जगले, पुढे बोलायलाही लागले. मामांनी हे आजवर एकदाही हिशेबात धरलेलं नाही.