तबला विशारद झाल्यावर लगेच क्लास काढावा का?

घाई करू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत जातात, पण त्यांत कस लागतो तो मुख्यतः तुमच्या वादनाचा. शिकवणं वेगळं. आपल्याकडे ते गुरूंच्या शेजारी बसूनच येतं: नवख्या मुलांचा हात बसवायचा, तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणवून घ्यायचे, टाळी-खाली (तालातल्या टाळीच्या आणि बिनटाळीच्या जागा) हाताने धरायला लावायची. 'तिरकिट' हा बोल अडखळला तर चूक बोटांत आहे की मनगटात, हे ओळखायला नजर लागते. ती रोज दुसऱ्यांचे हात पाहून तयार होते. मला तर हाच खरा अभ्यासक्रम वाटतो. निदान दोन वर्षं गुरूंचा प्राथमिक वर्ग सांभाळा. स्वतःचा रियाज मात्र त्या काळातही सोडू नका.