चौसष्टाव्या वर्षी कीबोर्ड घ्यायचाय, कोणता घेऊ?

प्रश्न : नमस्कार ताई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, वय 64, राहणार मनीषनगर, नागपूर. लहानपणी भजनी मंडळात थोडी पेटी वाजवायचे, मग संसारात सगळं सुटलं. आता जुनी भावगीतं, सिनेमातली गाणी कीबोर्डवर वाजवायची फार इच्छा आहे. मुलगा म्हणतो आई आधी ऑनलाइन चार हजारवाला घे, जमलं तर मग मोठा घेऊ. बर्डीवर एका दुकानात गेले तर ते म्हणाले सहाशे टोनवाला घ्या. सकाळी बोटं जरा आखडतात. काय करू, की या वयात राहूच देऊ?

उत्तर : राहू बिहू काही देऊ नका, घ्याच. पेटीवर बोटं फिरलेली आहेत म्हणजे सारेगम कुठं आहे ते तुमच्या हाताला माहीत आहे, ते विसरलं वाटलं तरी परत येतं. मुलगा काळजीनंच सांगतोय, पण त्याचं हे एक म्हणणं ऐकू नका. चार हजारवाल्यात बहुतेक वेळा पट्ट्या बारीक असतात आणि टच नसतो, म्हणजे हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. लहान पोरांना ते चालून जातं. मोठ्या माणसाची बोटं त्या बारीक पट्ट्यांवर एकमेकांत अडकतात, गाणं सपाट वाजतं आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, तिथंच शिकणं बंद पडतं. दोष वाद्याचा असतो हो, आणि वाईट आपल्याला वाटतं.

म्हणून पैसे पट्ट्यांवर खर्च करा, टोनवर नाही. सहाशे टोनपैकी तुम्ही पियानो, हार्मोनियम, बासरी, व्हायोलिन असे चार-पाचच वाजवणार. तुम्हाला 61 कीजचा, फुल साइजचा, टच रिस्पॉन्सवाला हवा. 61 म्हणजे पाच सप्तकं, पेटीपेक्षा जास्तच, गाण्यांना भरपूर झाले. यामाहा, कॅसिओ दोघांचेही मिळतात, साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत चांगला येतो. भारतीय वाद्यांचे मॉडेल वेगळे असतात ते आवर्जून बघा, यामाहाच्या पीएसआर आय 500 मध्ये तर तानपुरा-तबल्यासकट रियाजाची सोयच दिलेली आहे. 88 कीजचा वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो मात्र आत्ता नको, तो साधारण चाळीस हजारांच्या आसपास सुरू होतो, दहा-अकरा किलोचा असतो, आणि त्याच्या पट्ट्या दाबायला जड, आखडणाऱ्या बोटांना त्रासच.

दुकानात जाताना पर्समध्ये एक फूटपट्टी ठेवा. सा पासून नी पर्यंतच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरल्या पाहिजेत, बऱ्याच कमी भरल्या तर तो मिनी कीजचा आहे, ठेवून द्या. मग पियानोचा टोन लावून एकच पट्टी आधी अगदी हळू, मग जरा जोरात दाबा, आवाजात फरक ऐकू यायलाच हवा. नाही आला तर टच सेटिंगमध्ये बंद आहे का विचारा, आणि टच नाहीच म्हणाले तर दुसरा दाखवा म्हणा. खुर्ची मागून बसून निवांत वाजवा, उभ्या उभ्या काही कळत नाही. रविवारी संध्याकाळी बर्डीवर जाऊच नका, त्या गर्दीत हळू दाबलेला सूर ऐकू येत नाही, मधल्या वारी दुपारी जा.

ट्रान्सपोजचं बटण तिथंच शिकून घ्या, गाणाऱ्यांसाठी ती मोठी सोय आहे. समजा तुमचा आवाज काळी पाचला, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला लागतो, तर ट्रान्सपोज दोननं खाली करायचं, बोटं पांढरी एकवरच फिरतात आणि सूर काळी पाचचा निघतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र पट्ट्यांवर येत नाही, काही मॉडेलला पिच बेंडचं चाक असतं त्यानं थोडंफार भागतं. शास्त्रीय गाण्याची साथ करायची असती तर मी पेटीच घ्या म्हटलं असतं, भावगीतांना कीबोर्ड छान.

सगळ्यात जास्त वेळ डावा हात घेईल. पेटीवर तो भात्याला होता, इथं त्याला कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबून, धरायचेत. सुरुवातीला उजव्यानं पूर्ण गाणं आणि डाव्यानं नुसता सा धरून ठेवायचा, मग हळूहळू दोन-तीन कॉर्ड. सकाळी बोटं आखडलेली असताना बसू नका, दुपारी चहानंतर पंधरा मिनिटं, रात्री हेडफोन लावून पंधरा, एवढं पुरे. दुखायला लागलं की थांबायचं, आणि सूज असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा.

स्टँड सोबतच घ्या. डायनिंग टेबल उंच पडतं, खांदे वर चढतात आणि मान धरते. पट्ट्या कोपराच्या उंचीला याव्यात, जमिनीपासून साधारण 70 ते 75 सेंटिमीटर, आणि खुर्ची बिनहाताची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कीबोर्ड कूलरच्या समोर अजिबात ठेवू नका, ती ओलसर हवा आतल्या सर्किटला चांगली नाही. मे महिन्यात कारमध्ये सोडून जाणं तर नकोच. अडॅप्टर कंपनीचाच वापरा.

प्रश्न : ओळखीचे एक जण जुना कीबोर्ड अर्ध्या किमतीत देतायत, घ्यावा का? (एक वाचक, महाल)

उत्तर : तपासून बघायला तास-दीड तास मिळत असेल तर घ्या. 61 च्या 61 पट्ट्या एकेक करून हळू आणि जोरात दाबून बघा, एखादी भलतीच मोठ्यानं वाजत असेल किंवा मुकी असेल तर दुरुस्तीचं लचांड मागे लागतं. आवाजाची नॉब फिरवताना खरखर येते का ऐका, हेडफोन आणि पेडलचं भोक तपासा. पॉवर लावल्यावर अर्धा तास चालू ठेवा, मगच पैसे द्या.