ऑटोलिस्पमध्ये (ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या प्रोग्रामिंग भाषेत) पहिलं टूल लिहिताना

दोन बिंदू जुळतात का, हे नुसत्या बरोबरच्या चिन्हाने तपासू नकोस. 0.1 आणि 0.2 ची बेरीज कॉम्प्युटरच्या हिशेबात नेमकी 0.3 भरत नाही. डोळ्यांना जुळलेली टोकं कोडला वेगळी दिसतात. 'इक्वल' या तुलना करणाऱ्या फंक्शनला दोन बिंदूंनंतर तिसरा म्हणून एक आकडा देता येतो, 0.000001 वगैरे. तेवढा फरक चालवून घे.

खरी गोची ऑब्जेक्ट स्नॅपची, म्हणजे बिंदू जवळच्या रेषेच्या टोकाला वगैरे आपोआप चिकटवणाऱ्या सोयीची. तो चालू असताना कोडमधून लाइन कमांड दिलीस, तर अचूक काढलेला बिंदूही शेजारच्या रेषेच्या टोकाला चिकटू शकतो, आणि झूम आउट केलेलं असेल तर हमखास! म्हणून ऑसमोडची (स्नॅपची सेटिंग ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) किंमत जपून ठेव, शून्य कर, काम झालं की पूर्ववत लाव. युजरने मध्येच एस्केप दाबलं तरी ती परत यायला हवी, त्यासाठी एरर फंक्शन (काम मध्येच तुटलं की आपोआप चालणारं) लिही. नवशिके नेमकं हेच टाळतात. कंटाळा असेल तर सरळ एंटमेक (कमांड न देता थेट रेषा बनवणारं फंक्शन) वापर, तिथे स्नॅपची लुडबुड नाही.