ब्रोकोलीची पहिली लागवड: सुरुवातीला एवढेच सांभाळा
ब्रोकोली हे थंड हवेचे पीक आहे आणि नवख्यांची सर्वांत मोठी चूक वेळेचीच असते. गड्डा, म्हणजे आपण खातो तो कळ्यांचा गुच्छ, धरताना तापमान सतत २५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर तो लहान व विरळ राहतो किंवा लवकर फुलतो. म्हणून गड्डा थंडीतच भरेल अशा बेताने रोपे लावा.

- रोपांत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दाटीचा मोह टाळाच.
- माती ओलसर असावी, पाणी साचू नये.
- पानांखाली हिरव्या अळ्या शोधत राहा.

गड्डा आणखी वाढेल या आशेने थांबू नका. कळ्या घट्ट व हिरव्या असतानाच तो कापा, मात्र झाड उपटू नका, कारण पानांच्या बगलेतून लहान गड्डे पुढेही येत राहतात. खतांच्या मात्रांचा विचार तूर्त नको.