निकाल लागला तरी रडू येतं त्याबद्दल

अगं, तू लिहिलंयस की घटस्फोट तूच मागितलास, चार महिन्यांपूर्वी निकाल पण लागला, आणि तरी घणसोलीहून ऑफिसला जाताना लोकलमध्ये डोळे भरून येतात, आई म्हणते 'मग मोडलंस कशाला', आणि तुला कळत नाहीये की आपलं काही चुकलं का. नाही चुकलं गं. माझा निकाल २०२१ चा, ठाण्याच्या फॅमिली कोर्टातला, म्युच्युअल कन्सेंट म्हणजे दोघांच्या संमतीने, आणि मी पण अशीच रडले आहे, ते पण ज्या माणसाशी शेवटची चार वर्षं धड बोलणं नव्हतं त्याच्यापासून सुटल्यावर.

आमचं दीड वर्षाच्या वर वेगळं राहून झालं होतं म्हणून वकिलांनी अर्ज केल्यावर थांबावे लागणारे ते मधले सहा महिने कोर्टाकडून माफ करून घेतले (२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तशी मुभा दिलीय, समेट होण्यासारखं काही उरलंच नसेल तर), त्यामुळे सगळं पटकन उरकलं. पहिला महिना मी छान झोपले. मग एक दिवस गॅसवाला आला. कनेक्शन अजून आधीच्या नवऱ्याच्या नावावर, डिलिव्हरीवाल्याने खांद्यावरून सिलिंडर उतरवला आणि म्हणाला मॅडम ओटीपी सांगा, आणि ओटीपी गेला होता ह्यांच्या, म्हणजे त्याच्या मोबाईलवर. तो माणूस दारात घामाघूम उभा आणि मी फोन हातात धरून विचार करतेय की मेसेजमध्ये 'अहो' लिहू का नाव लिहू. शेवटी नुसतं 'गॅस ओटीपी' लिहिलं. दोन मिनिटांत नंबर आला, बाकी एक अक्षर नाही. सिलिंडर आत घेतला, दार लावलं आणि ओट्याला टेकून जी रडायला लागले ती लेक क्लासवरून येईपर्यंत थांबलेच नाही.

तेव्हा कळलं की नवरा नकोसा झाला असला तरी संसार नकोसा झालेला नसतो. त्यात आपण अकरा वर्षं घातलेली असतात, ती जातात, मग रडू येणारच ना? त्यासाठी निर्णय चुकीचा ठरत नाही.

मग मी वहीत लिहून काढलं, कुठे कुठे त्याचं नाव आहे. गॅस, वायफाय, मेडिक्लेम, शाळेतला इमर्जन्सी नंबर, बँकेतला नॉमिनी (हे तू आधी बघ, घटस्फोट झाला म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नाही, आपल्यालाच फॉर्म भरावा लागतो). आठवड्याला एकच काम करायचे, कारण प्रत्येक फॉर्म भरला की तो दिवस जडच जायचा, आणि एका दिवसात सगळं उरकायला गेलीस तर आजारी पडशील.

दुसरं म्हणजे तुझी वाईट वेळ कुठली ते बघ. माझी संध्याकाळी साडेसात. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून वाशीला उतरायचे आणि घरी जावंसंच वाटायचं नाही, प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसून राहायचे. खाडीकाठच्या सागर विहारला चक्कर मारून बघितली पण एकटीने चालताना विचार जास्तच यायचे, माझ्यासाठी तो उपाय नव्हता. शेवटी बिल्डिंगमधल्या दोन सातवीच्या मुलांचं गणित घ्यायला लागले, साडेसात ते साडेआठ. समोर अपूर्णांक असले की डोकं दुसरीकडे जात नाही.

आईशी भांडू नकोस. तिला लग्नकार्यात चार जणी विचारतात आणि तिच्याकडे उत्तर नसतं, म्हणून ती तुझ्यावर काढते. माझ्या आईला मी एक वाक्य दिलं होतं, 'दोघांनी ठरवून केलं, आता ती बरी आहे', एवढंच सांगायचं आणि विषय बदलायचा. हळूहळू ती स्वतःच ते ठामपणे म्हणायला लागली. हळदीकुंकवाचं मात्र मला खूप लागलं होतं, मजल्यावरच्या सगळ्या घरी बोलावणं आणि मला नाही. पुढच्या संक्रांतीला मीच घरी केलं, सगळ्यांना बोलावलं, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या लुटल्या, आणि आल्या गं सगळ्या.

आता एक गोष्ट नीट ऐक. लोकलमध्ये रडू येणं वेगळं, पण दोन दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, किंवा 'आपण नसलेलोच बरे' असं मनात यायला लागलं तर त्याच दिवशी १४४१६ ला फोन कर, टेली मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तुला गाडीने सरळ पडेल. मी स्वतः आठ महिने काउन्सेलरकडे जात होते आणि आधीच जायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

लग्नाच्या अल्बमचं काय करू विचारलंयस. घाईत फाडू नकोस. माझा आईकडे माळ्यावर आहे, जुन्या साडीत गुंडाळून. लेक अठराची झाली की तिला विचारणार आहे, तिला हवा का.