तिघऱ्यावर मोटरबोट मंदावली? आधी तळ बघा

नव्या बोटीबद्दल मनापासून अभिनंदन! तिचा वेग घटला आणि पेट्रोल जास्त लागू लागलं, असं तुम्ही विचारलंत; पण लगेच मिस्त्रीकडे धावू नका. बोट महिनाभर तिघऱ्याच्या, म्हणजे ग्वाल्हेरजवळच्या धरणाच्या पाण्यात उभी होती ना? मग ती बाहेर काढून तळावरून तळहात फिरवा. बुळबुळीत लागलं, की पेट्रोल कुठे जातंय ते कळलंच. शेवाळाचा पातळ थरही पाण्याशी घर्षण वाढवतो. तोच वेग गाठायला थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारी झडप) जास्त उघडावं लागतं आणि बोट पाण्यावर उचलली जायला उशीर लागतो. समुद्रातले कडक बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) इथे नाहीत, ही आपली ग्वाल्हेरकरांची मोठी सोय.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- तळ ओला असतानाच स्पंज आणि सौम्य साबणाने धुवा. शेवाळ वाळलं की खरवडत बसावं लागतं.
- तारेची घासणी अजिबात नको. जेलकोटवर (फायबरच्या बोटीच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावर) ओरखडे पडले की पुढचं शेवाळ तिथेच घट्ट धरतं.
- नवी मंडळी तळ चकचकीत करतात आणि प्रोपेलरला (बोट ढकलणाऱ्या पंख्याला) गुंडाळलेलं गवत तसंच राहतं. तिथे हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात. यात हयगय नको.

धुतल्यावर, वारा पडलेला असताना, ठरावीक आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) मोबाइलच्या जीपीएसने वेग बघून लिहून ठेवा. पुढच्या वेळी माणसं तेवढीच घ्या, नाहीतर तुलना फसेल. आकडा घसरू लागला की पुन्हा धुवा. दर वेळी ट्रेलरवर बोट घरी नेणार असाल तर शेवाळरोधक रंगाचा खर्च करू नका. प्रोपेलर बदलायचा विचारही सध्या नको.